पेरलेली टिकली

बाईंच्या आईला शेवटपर्यंत नीट कळलं नाही की आपली मुलगी करते तरी काय. 'गॅलरी चालवते' म्हटलं की त्या माउलीच्या डोळ्यांसमोर घराची गॅलरी यायची: दोरीवर वाळत घातलेले कपडे, दोन कुंड्या आणि एक मोडकी खुर्ची. त्यात चालवण्यासारखं काय असतं, हे कोडं तिला काही सुटेना. शेवटी तिने शेजारणींना परस्पर सांगून टाकलं की मुलीचं दुकान आहे. कसलं, असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "भिंतींचं." बाईंना हे उत्तर इतकं पसंत पडलं की पुढे दोन-तीन मुलाखतींत त्यांनी ते स्वतःचं म्हणून खुशाल खपवलं.

खरं तर या धंद्यात त्या आल्या त्या अक्षराच्या जोरावर. पदवी वाणिज्य शाखेची आणि चित्रकलेत शाळेपासूनच आनंदीआनंद. माणूस काढला तर तो बादलीसारखा दिसायचा आणि बादली काढली तर ती माणसासारखी. पण अक्षर मात्र मोत्यासारखं. शहरातल्या एका जुन्या गॅलरीच्या मालकांना चित्रांखालच्या चिठ्ठ्या लिहायला कुणीतरी हवं होतं. या मालकांना सगळं जग 'सर' म्हणायचं. बाई चिठ्ठ्या लिहायला म्हणून गेल्या आणि दहा-अकरा वर्षं तिथेच रमल्या.

सर उंचेपुरे, गळ्यात बारमाही मफलर. बोलणं असं, की समोरच्याला वाटावं आपण चित्र विकत घेत नाही आहोत, सर ते आपल्याला नाइलाजाने देताहेत. बाई त्यांच्याकडून पुष्कळ शिकल्या. चित्र कसं उचलायचं, कसं गुंडाळायचं, कलावंताला नाही म्हणायचं पण त्याचं मन न मोडता म्हणायचं. आणि आणखी एक गोष्ट शिकल्या, ती म्हणजे पेरणी.

तर पेरणी म्हणजे काय? चित्र विकलं गेलं की त्याच्या चिठ्ठीशेजारी एक लाल टिकली चिकटवतात. स्टेशनरीच्या दुकानात मिळते तीच, गोल, नखाएवढी. सर मात्र उद्‌घाटनाच्या संध्याकाळी, पाहुण्यांचा पत्ता नसतानाच, खिशातून टिकल्यांचा कागद काढायचे आणि दोन-तीन टिकल्या लावून मोकळे व्हायचे. "रिकाम्या हॉटेलात कोण शिरतं?" ते म्हणायचे. "दोन टेबलं भरलेली दिसू दे, मग बघ." यातही त्यांचे नियम होते. टिकली लावायची ती सगळ्यात कमकुवत चित्राला, कारण ती लागली की ते चित्र विक्रीतून बाद. चांगली चित्रं मोकळी राहिली पाहिजेत. आणि चित्रकाराला आधीच सांगून ठेवायचं, नाहीतर तो बिचारा हवेत जातो. प्रदर्शन संपलं की पेरलेली चित्रं गुपचूप माळ्यावर जायची आणि वर्षभराने, 'घेणाऱ्यांचा बेत बदलला' या सबबीवर पुन्हा खाली यायची.

बाईंना हे पहिल्यांदा खटकलं. मग अंगवळणी पडलं. मग त्या सरांपेक्षा चांगल्या पेरायला लागल्या.

सर थकले, गॅलरी बंद झाली, तेव्हा बाईंनी स्वतःची काढली. जागा मिळाली ती टायरच्या दुकानाची. वर्षानुवर्षं तिथे टायरच विकले गेले होते, त्यामुळे तीनदा रंग देऊनही उन्हाळ्यात भिंतींना रबराचा वास यायचा. लोक नाक वर करून हुंगायचे आणि गंभीर चेहऱ्याने विचारायचे की हा वास प्रदर्शनाचाच भाग आहे का. दाराजवळच्या भिंतीत हवेचा दाब दाखवणारा जुना काटा घट्ट बसलेला होता, तो काही निघेना. त्याची किंमत आजवर निदान चौघांनी विचारली असेल. त्यातल्या एकाने तर आकडाही सांगितला आणि आकडा चांगला होता. बाईंनी हात जोडले. "तो काटा आहे हो," त्या म्हणाल्या. "त्याला चित्र म्हणून विकलं तर ती फसवणूक होईल." आता हीच बाई दर उद्‌घाटनाला खोट्या टिकल्या लावायची, पण ते तिच्या हिशेबी फसवणुकीत मोडत नव्हतं, धंद्यात मोडत होतं. माणसाचं मन कुठे रेघ ओढेल ते सांगता येत नाही.

स्वतःच्या गॅलरीत बाईंनी पहिला हुकूम काढला तो उंचीचा. चित्रं सगळीकडे उंच माणसाच्या डोळ्यांशी येतील अशी टांगतात. बाईंची उंची बेताची. सरांकडे इतकी वर्षं मान वर करकरून त्यांच्या मानेला पट्टा लागायची वेळ आली होती. त्यांनी फर्मावलं, इथे सगळी चित्रं चार बोटं खाली लागतील. चित्रं टांगायचं काम एका मध्यमवयीन सुताराकडे होतं. तो पाणसळ खिशात घातल्याशिवाय पाऊल टाकत नसे, म्हणून सगळे त्याला लेव्हलकाका म्हणत. काकांना हा हुकूम म्हणजे अधर्म वाटला.

"उंच माणसांनी काय करायचं मग?" त्यांनी विचारलं.

"वाकायचं," बाई म्हणाल्या. "आम्ही इतकी वर्षं टाचा वर केल्याच ना?"

काकांनी खिळे ठोकले, पण प्रत्येक खिळ्याबरोबर एक उसासा टाकला. आजही टाकतात.

आता या बाईंच्या घरी काय थाट असेल, असं कुणालाही वाटेल. तर घरात एकही चित्र नव्हतं. स्वयंपाकघरात एक कॅलेंडर, तेही औषधाच्या कंपनीचं, कारण बाईंचे यजमान दातांचे डॉक्टर. "दिवसभर भिंतीच बघते," बाई सांगायच्या. "घरी मला भिंत भिंतीसारखी हवी." डॉक्टरांची काही तक्रार नव्हती. फक्त नवीन पाहुणे आले की ते म्हणायचे, "बसा, बसा. आम्ही इथे वीस वर्षं आहोत, पण सामान अजून यायचंय."

मास्तर आले ते या गॅलरीच्या सहाव्या-सातव्या वर्षी. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मोठ्या बहिणीबरोबर राहणारे. सदऱ्याचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं, आणि बोलणं इतकं हळू की समोरच्याने आपोआप पुढे झुकावं. तीन वेळा नुसतेच येऊन गेले. चौथ्या वेळी धीर करून विचारलं, "तुम्ही चित्रं खाली का लावता?"

"मी बुटकी आहे म्हणून."

मास्तर खुदकन हसले. "मी नोकरीभर भांडलो, की वर्गातला फळा जरा खाली घ्या, मुलांचे हात पोचत नाहीत. कुणी घेतला नाही." मग जाता जाता, दाराबाहेर अर्धे गेल्यावर म्हणाले, "घरी थोडी चित्रं आहेत. वेळ असला तर."

असं दर आठवड्याला कुणीतरी म्हणतं. बाई सहसा जात नाहीत. या वेळी गेल्या. मागच्या खोलीत भिंतीला पाठ लावून चित्रं रचून ठेवली होती. शाळेतले लांबच लांब व्हरांडे, सुट्टीतले रिकामे बाक, पाण्याच्या नळांची रांग, एका बाकावर राहिलेली एकच चप्पल. कुठेही माणूस नाही आणि तरी प्रत्येक चित्रातून कुणीतरी नुकतंच उठून गेलेलं. बाईंच्या पोटात काहीतरी हललं. या धंद्यात बोलण्यापेक्षा पोटावर विश्वास ठेवावा लागतो, आणि हे पोट वर्षातून एखाद्या वेळीच हलतं.

मास्तरांच्या बहिणीला सगळे अक्का म्हणत. तिने चहाबरोबर अटही आणून ठेवली. "एकदाचं प्रदर्शन होऊन जाऊ दे," ती म्हणाली. "कुणी विचारलं नाही तर हा पसारा निघणार. ही खोली मला शिवणासाठी हवीय. कबूल केलंय त्याने." मास्तरांनी मान हलवली. कबूल केलं होतं खरंच. चित्रं शाळेला देऊन टाकायची, चित्र टेकवायचा लाकडी घोडा कुणातरी मुलाला द्यायचा आणि ब्रश कायमचे धुऊन ठेवायचे. हे सांगताना ते खिडकीबाहेर बघत होते. बाईंना त्यांचा राग आला, इतक्या सहज कबूल केल्याचा.

उद्‌घाटनाच्या संध्याकाळी मास्तर आत यायलाच तयार होईनात. शेजारच्या शिंप्याच्या दुकानाबाहेर स्टुलावर जाऊन बसले आणि रस्त्याकडे बघत राहिले. पाहुणे यायला थोडाच वेळ उरला होता, सरबताचे पेले मांडायचे होते आणि एका दिव्याने मान टाकली होती. या गडबडीत बाईंनी टिकल्यांचा कागद काढला. पण मास्तरांना पेरणीबद्दल सांगायचं राहून गेलं. बाईंना वाटलं, आत आले की सांगू.

टिकली त्यांनी एकच लावली, सगळ्यात कमकुवत चित्राला. चित्राचं नाव होतं 'बटणं'. चुन्याची पिवळट भिंत आणि तिच्यावर विजेच्या बटणांची एक जुनी लाकडी पट्टी. आठ बटणं, त्यातलं एक चालू. बस. उजव्या कोपऱ्यात खाली एक मळकट डाग. बाईंना ते चित्र अर्धवट वाटलं होतं. भिंतीवर लावायला आणखी एक भिंत कोण नेणार? शिवाय तो कोपरा तर साफ बिघडलेला. म्हणून टिकली तिथे.

पाहुणे आले. चित्रं बघायला येणाऱ्यांत एक जात अशी असते जी आधी चित्र बघते आणि मग चिठ्ठी. दुसरी आधी चिठ्ठी बघते. आणि तिसरी, सगळ्यात मोठी जात, आधी टिकली शोधते. ही मंडळी टिकली दिसली की सैलावतात, आवाज वाढतो, आणि मग पाकिटंही सुटतात. त्या दिवशीही तसंच झालं. नळांची रांग एका वकिलाने घेतली, चप्पल एका जोडप्याने. बाई आनंदात होत्या. इतक्यात शिंप्याने मास्तरांना जवळजवळ ढकलतच आत आणलं.

मास्तर कुणाकडेही न बघता सरळ 'बटणं'पाशी गेले आणि थांबले. बाई लगबगीने मागोमाग गेल्या. आता सांगायलाच हवं होतं.

"हे कुणी घेतलं?" मास्तरांनी विचारलं.

"मास्तर, ते असं आहे की..."

पण मास्तर तिथे ठेवलेल्या बाकावर बसलेच. "हे मी आणणारच नव्हतो," ते म्हणाले. "अक्का म्हणाली, बटणं कसली काढतोस, लोक हसतील. बाकीची काढताना थोडं वाटायचं की लोकांना आवडावीत. हे एकच मी कुणाचाही विचार न करता काढलं. हे कुणाला हवंसं वाटत असेल, बाई, तर मग मला वेड लागलेलं नाही. मग मी काढत राहीन."

आजूबाजूला लोक पेले हातात घेऊन बोलत होते. बाईंच्या जिभेवर खरं होतं. त्यांनी ते गिळलं.

"एक गृहस्थ आहेत," त्या म्हणाल्या. "नाव सांगायला नको म्हणालेत."

झालं. एका वाक्यात बाईंनी एक माणूस जन्माला घातला आणि त्याला पोसायची जबाबदारी गळ्यात घेतली. प्रदर्शन संपेपर्यंत 'बटणं'कडे दुसऱ्या कुणी ढुंकून पाहिलं नाही, नाहीतर तेवढ्यावर सुटका झाली असती. अक्काला शिवणाची खोली मिळाली नाही. बाईंनी चित्राचे पैसे गृहस्थांकडून आले म्हणून मास्तरांना पोचवले आणि चित्र कापडात गुंडाळून घरी आणलं, कारण गॅलरीच्या माळ्यावर ठेवलं आणि मास्तर कधी वर डोकावले तर काय?

त्या प्रदर्शनानंतर त्यांनी पेरणी कायमची बंद केली. पुढच्या उद्‌घाटनाला भिंतींवर एकही टिकली नव्हती आणि त्या दिवशी विक्रीही फारशी झाली नाही. बाईंनी ते सोसलं.

घरी 'बटणं' लागलं जेवणाच्या टेबलासमोर. लेव्हलकाका खिळा घेऊन आले. "इथेसुद्धा खालीच?" त्यांनी विचारलं आणि उसासा टाकला.

"इतकी वर्षं भिंत मोकळी ठेवली," डॉक्टर चित्राकडे बघत म्हणाले, "आणि पहिली वस्तू आणलीस ती आणखी एक भिंत?"

बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. डॉक्टर पोट धरून हसले. मग म्हणाले, "म्हणजे तो गृहस्थ मी."

तसंच झालं. मास्तर दर भेटीत चौकशी करायचे. गृहस्थांनी चित्र कुठे लावलंय? ऊन तर येत नाही ना त्याच्यावर? बाईंना खोटं रचायचा कंटाळा, म्हणून त्या आपल्याच घरचं सांगायच्या. जेवणाच्या टेबलासमोर लावलंय. ऊन येत नाही, शेजारची इमारत मध्ये येते. गृहस्थ जेवताना बघत असतात. गृहस्थांचा गुडघा दुखतो हल्ली. एकदा मास्तरांनी आपल्या हाताने कागदी पुडीत बांधून गुडघ्याला लावायचा लेप पाठवला. डॉक्टरांनी तो लावला. "मी नुसता गृहस्थ नाही," ते म्हणाले, "मोठा संग्राहक आहे. जरा मानाने वागव."

घरात चित्र असलं की त्याच्याकडे बघावंच लागतं, हे बाईंना या वयात नव्याने कळत होतं. गॅलरीत त्या चित्र महिनाभर बघत, मग ते जाई. हे जाईना. एकदा पंखा दुरुस्त करायला आलेला इलेक्ट्रिशियन त्याच्यापुढे उभा राहून म्हणाला की ही वायरिंग फार जुनी आहे, बदलून घ्या. त्यानंतर बाईंना पट्टीच्या कडेची ती बारीक वायर पहिल्यांदा दिसली. मग पट्टीभोवती बोटांनी मळलेला भाग दिसला. मग प्रश्न पडला, की चालू आहे ते बटण कशाचं? दिवा तर चित्रात नाही. डॉक्टरांच्या मते व्हरांड्यातला. यावर दोघांची जेवताना कितीदा तरी जुंपली. बाई नुसतं "व्हरांड्यातला नाही" एवढंच म्हणायच्या. मग कुठला, ते त्यांना सांगता यायचं नाही.

शेवटची दीड-दोन वर्षं आई बाईंकडेच होती. चित्राकडे बघून तिने एकदाच मत दिलं. "ते बटण बंद करा गं कुणीतरी. बिल येईल." तिला चालताना आधार लागायचा, पण काठी धरायची लाज वाटायची. ती भिंतीला हात लावत चालायची. तिच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत, एकाच उंचीवर, भिंतीला तेलकट हाताचा पट्टा पडला होता. बाई चिडायच्या. "आई, काठी घे ना. भिंत बघ कशी झालीय." आई म्हणायची, "तुझंच तर दुकान आहे भिंतींचं. एक मळली तर काय?"

आई गेली. महिन्याभराने डॉक्टरांनी, बाईंना बरं वाटावं म्हणून, घराला रंग देऊन घेतला. बाई गॅलरीतून परत आल्या तर भिंत पांढरीशुभ्र. डॉक्टर कौतुकाच्या अपेक्षेने उभे. बाई तशाच आत निघून गेल्या. त्यांना काय झालं ते डॉक्टरांना दोन दिवसांनी कळलं आणि मग त्यांनाही जेवण गेलं नाही. पण रंग काही परत निघत नाही.

त्या रात्रीपासून बाई जेवायला बसल्या की समोरच्या चित्रातला खालचा कोपरा बघायला लागल्या. मळकट, करडा, कुणाच्या तरी हाताचा डाग. चित्र चार बोटं खाली लावलेलं, त्यामुळे बसल्यावर तो डाग बरोब्बर डोळ्यांसमोर यायचा. पहिल्या दिवशी याच कोपऱ्याला त्यांनी बिघडलेला म्हटलं होतं.

इकडे मास्तर काढत राहिले होते आणि वर्षं जात राहिली. दुसरं प्रदर्शन झालं, मग तिसरं. दुसऱ्या शहरांतून माणसं चौकशा करू लागली. अक्का आता पाहुण्यांना मागची खोली दाखवायची आणि म्हणायची, "मीच मागे लागले होते." मास्तर मात्र तसेच, गळ्यापर्यंत बटण लावलेले. आणि मग शहराच्या मोठ्या कलासंग्रहालयाने त्यांच्या आजवरच्या सगळ्या कामाचं प्रदर्शन ठरवलं. जिथे जिथे म्हणून चित्रं गेली होती तिथून ती मागवायची होती.

मास्तर त्याच दिवशी गॅलरीत आले. आनंदाने त्यांचा आवाज नेहमीपेक्षा एक पायरी वर होता. "बाई, 'बटणं' हवंच. त्याच्यापासूनच तर सुरुवात झाली. आणि एक काम आहे. तो खालचा कोपरा मला इतकी वर्षं टोचतोय. तेव्हा हात कच्चा होता, रंग गढूळ झाला. आता मला कळलंय तो कसा हवा. गृहस्थांची परवानगी काढा. त्यांच्या घरी जाऊन मी तासाभरात दुरुस्त करतो."

"विचारते," त्या म्हणाल्या.

"विचारायचं काय? मीच येतो. इतक्या वर्षांत भेट नाही, बरं दिसत नाही ते."

घरी हे ऐकून डॉक्टर म्हणाले, "मी भेटतो त्यांना. गुडघा दाखवतो." बाई हसल्या नाहीत. इतकी वर्षं त्या मास्तरांना जे सांगत आल्या होत्या त्यातली प्रत्येक गोष्ट खरी होती, फक्त माणूस खोटा होता. हे कळल्यावर मास्तर पहिल्या टिकलीपासूनचं सगळंच खोटं धरतील आणि मोठ्या प्रदर्शनाच्या तोंडावर ब्रश खाली ठेवतील, याची त्यांना मनापासून भीती वाटत होती. न सांगावं, तर तो कोपरा जाणार; गृहस्थ नको म्हणाले असं सांगितलं तरी संग्रहालयात चित्र मास्तरांच्या हाती लागणारच.

रविवारी सकाळी मास्तर रंगांची पेटी घेऊन बाईंनी दिलेल्या पत्त्यावर आले. दार बाईंनीच उघडलं.

"तुम्हीही आलात का? बरं झालं," मास्तर म्हणाले. चपला काढून आत आले आणि टेबलासमोर थबकले. चित्र चार बोटं खाली होतं. त्यांनी चित्राकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग दाराशी उभ्या डॉक्टरांकडे. डॉक्टर नकळत गुडघ्यावर हात ठेवून उभे होते.

"बसा, मास्तर," बाई म्हणाल्या. "गृहस्थ नाहीत. कधीच नव्हते." आणि त्यांनी सगळं सांगितलं. पेरणी काय असते, ती कुठल्या चित्राला करतात, तेही गाळलं नाही.

मास्तर पेटीच्या कडीशी बोटाने चाळा करत राहिले. "म्हणजे तेव्हा ते कुणालाच नको होतं," ते म्हणाले.

"नव्हतं. मलासुद्धा नव्हतं."

"काम अडलं की मी त्या गृहस्थांना विचारायचो, मनातल्या मनात. म्हणायचो, तुम्हाला 'बटणं' कळलं, तर हेही कळेल. ते कधी नाही म्हणाले नाहीत." त्यांनी मान वर केली. "मी कुणाशी बोलत होतो, बाई?"

डॉक्टर पाणी आणायला म्हणून आत गेले आणि आतच थांबले.

मास्तर उठले. त्यांनी पेटी टेबलावर ठेवून उघडली. "मग चित्र विकलंच गेलं नाही," ते कोरडेपणाने म्हणाले. "पैसे तुम्ही माझी समजूत घालायला दिलेत, चित्राचे नव्हेत. ते मी परत करीन. चित्र माझं आहे, आणि हा कोपरा मी आत्ताच नीट करतो."

त्यांनी कापडाचा बोळा काढून डागाच्या दिशेने हात नेला मात्र, बाई मध्ये येऊन उभ्या राहिल्या. चित्राला पाठ लावून, एवढीशी ती बाई.

"हात लावायचा नाही."

"का?"

"तिथे माझ्या आईचा हात आहे."

मास्तरांना काही कळेना. बाईंनी भिंतीकडे बोट दाखवलं. खोलीपासून न्हाणीघरापर्यंतची, पांढरीशुभ्र. रंग, काठी, भांडणं, सगळं त्यांनी तुटक तुटक सांगितलं आणि सांगताना त्या रडल्या. इतकी वर्षं शेकडो लोकांना चित्रं समजावली होती, पण हे एक धड सांगता येत नव्हतं. "तुम्ही ते कुणाचं काढलंत मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मी रोज तिच्यासमोर जेवते. तुम्हाला गढूळ वाटत असेल तर वाटू दे. हे मी देणार नाही."

मास्तरांचा हात खाली आला. ते बाकीच्या चित्राकडे बघेनात, त्या कोपऱ्याकडेच बघत राहिले. खाली वाकून, चष्मा कपाळावर चढवून, जणू दुसऱ्या कुणाचं काम बघताहेत. मग त्यांनी बोळा पेटीत टाकला आणि पेटीची कडी लावली.

"टिकल्या आहेत का जवळ?" त्यांनी विचारलं.

टिकल्यांचा कागद बाईंच्या पर्समध्ये कायम असतो. मास्तरांनी एक टिकली नखाने सोडवली आणि चित्राच्या कडेला भिंतीवर लावली, अंगठ्याने दाबून. जरा तिरकी लागली. लेव्हलकाकांनी पाहिलं असतं तर उसासा टाकला असता.

डॉक्टर पाण्याचा पेला घेऊन बाहेर आले. मास्तर पाणी प्यायले, गुडघा कसा आहे असं विचारलं, लेप संपला असेल तर आणखी पाठवतो म्हणाले. दाराशी चपला घालता घालता ते थांबले.

"गृहस्थांना एक विचारायचं राहिलंच होतं इतकी वर्षं," ते म्हणाले. "ते बटण चालू आहे ना, तो दिवा कुठला?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"आईच्या खोलीतला," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी मान डोलावली. "मी काढताना वर्गातला धरला होता," ते म्हणाले. "पण चित्र तुमचं आहे."